बडोद्याचे जवाहीर आणि महाराणी चिमणाबाई

२००९ सालच्या मार्च महिन्यात कतारची राजधानी दोहा येथे एका गालिच्याचा लिलाव झाला. सुमारे ५५ लाख डॉलरना तो विकला गेला. हा गालिचा लोकरीचा नव्हता. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या पायावर बसऱ्याचे बारीक मोती, पंधरा-वीस लाखांच्या घरात, एकास एक लागून बसवलेले होते आणि मधूनमधून हिरे, माणके, पाचू व नीलमणी जडवलेले होते. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास तो मदिनेस प्रेषितांच्या दर्ग्यावर अर्पण करण्याच्या इच्छेने करवून घेतला, असे सांगितले जाते. १८७० मध्ये खंडेराव निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो बडोद्यातून युरोपात गेला आणि तेथून जगाच्या बाजारात आला.

खंडेरावांच्या जवाहिराचा नाद मोठा होता. ब्राझीलमध्ये १८५३ साली एका गुलाम स्त्रीला सापडलेला, ॲमस्टरडॅममध्ये पैलू पाडल्यावर १२८ कॅरटहून अधिक भरलेला ‘स्टार ऑफ द साऊथ’ हा हिरा त्यांच्या काळात बडोद्याच्या जामदारखान्यात आला. त्यासाठी ८० हजार पौंड मोजल्याची नोंद जवाहिरांच्या इतिहासात सापडते. तो हिरा शोधणाऱ्या स्त्रीला बक्षीस म्हणून गुलामीतून मुक्तता मिळाली, असे म्हणतात. त्याच्या जोडीला ‘इंग्लिश ड्रेस्डेन’ हा ७६ कॅरटचा दुसरा हिरा आला आणि दोन्ही एकाच हारात विराजमान झाले. टपोऱ्या मोत्यांचा सात पदरी कंठा तर गायकवाड घराण्याची ओळखच ठरला. खंडेरावांचे धाकटे बंधू मल्हारराव यांनी त्यावर ताण करून सोन्याच्या तोफा ओतवल्या. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांच्या मांडीवर दत्तक बसून सयाजीराव झाला. राज्याबरोबर हा सारा लखलखाटही त्याच्या वाट्यास आला.

अशा घरात १८८५ च्या डिसेंबरात देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई नववधू म्हणून आल्या. वय जेमतेम चौदा. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई ऊर्फ चिमणाबाई, त्याच वर्षी क्षयाने निवर्तल्या होत्या आणि मागे लहानगा मुलगा होता. सासरी आल्यावर गजराबाईंना नाव मिळाले तेही चिमणाबाईच. दिवंगत सवतीचे नाव, तिचा मुलगा आणि तिच्या अंगावरून उतरलेले अलंकार, असा तो वारसा होता. बडोद्यातील चिमणाबाई टॉवर आणि न्यायमंदिराची इमारत ही पहिल्या महाराणींच्या स्मृतीची आहेत. दोन्ही महाराणींचे नाव एकच असल्याने वाचकांचा आजही घोटाळा होतो.

या दुसऱ्या चिमणाबाईंची जुनी छायाचित्रे पाहिली की नजर प्रथम मोत्यांवर आणि हिऱ्यांवर जाते. नऊवारी लुगडे, गळ्यात एकाखाली एक उतरत जाणारे हार, मनगटात कंगन आणि या साऱ्याच्या मधोमध एक करारी, किंचित त्रासिक वाटावा असा चेहरा. ते दागिने पाहून हेवा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांतील किती अलंकार त्या बाईंच्या मालकीचे होते, हा प्रश्न विचारला तर चित्र पालटते. आपल्याकडे माहेरून आणलेले आणि लग्नात अंगावर घातलेले सोने हे स्त्रीधन मानले जाते. अडीनडीला ते मोडण्याचा अधिकार, निदान तत्त्वतः, त्या स्त्रीचा असतो. रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग-रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या कोळणीच्या गळ्यातील सोने पुष्कळदा तिच्याच हातच्या मिळकतीचे असते आणि होडीची दुरुस्ती निघाली तर ते गहाण टाकायचे की नाही, यात तिचा शब्द चालतो. महाराणीचे तसे नव्हते. राजघराण्याचे मोठे जवाहीर हे गादीचे. त्याची याद जामदारखान्यात, किल्ल्या कारभाऱ्यांकडे. सणासमारंभाला ते बाहेर निघे आणि समारंभ सरला की पुन्हा पेटीत जाई.

शिवाय या जवाहिराचा खरा मानकरी पुरुषच होता. सात पदरी मोत्यांचा कंठा खंडेरावांच्या आणि सयाजीरावांच्या गळ्यात शोभला. शिरपेच आणि तुरा हे पागोट्याचे अलंकार. दरबार भरे तेव्हा महाराज रत्नांनी मढून गादीवर बसत आणि राजस्त्रिया वरच्या सज्जातून, जाळीआडून तो सोहळा पाहत. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या भव्य दरबार दालनातही राजस्त्रियांसाठी असे सज्जे आहेत. म्हणजे स्त्रीच्या अंगावरचा दागिना दिसायचा तो जनान्यातल्या चार जणींना, आणि फार तर भेटीस आलेल्या एखाद्या मडमेला.

सयाजीराव या बाबतीत सामान्य संस्थानिकांसारखे नव्हते. त्यांनी पत्नीच्या शिक्षणाची व्यवस्था केली. १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि चिमणाबाई पतीसमवेत लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड पाहू लागल्या. परदेशी पडदा नसे, आणि बडोद्यास बोट परतली की तो पुन्हा पडे. वर्षानुवर्षे असे दुहेरी आयुष्य काढणाऱ्या स्त्रीच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. १८९२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द क्राऊन ऑफ इंडिया’ हा किताब मिळाला. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या या किताबाचे पदक म्हणजेही एक दागिनाच होता. हिरे, मोती आणि फिरोजा यांत गुंफलेली राणी व्हिक्टोरियाची नाममुद्रा, वर मुकुट आणि फिकट निळी फीत. स्त्रीला सन्मान द्यायचा तो अलंकाराच्याच रूपात, ही रीत पूर्वेत होती तशी पश्चिमेतही होती.

इथे जपानची आठवण अपरिहार्यपणे होते. मेइजी सम्राटांची पत्नी सम्राज्ञी हारुको यांनी १८८६ पासून समारंभांना पाश्चात्य पोशाख स्वीकारला. १८८७ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या पोशाखाविषयी एक निवेदनच प्रसिद्ध केले. त्यात त्यांचा मुद्दा असा होता, की प्राचीन जपानी स्त्रीचा पोशाख दोन भागांचा होता, पाश्चात्य पोशाख त्याला जवळचा व हालचालीस सोयीचा आहे, मात्र कापड स्वदेशी वापरावे. त्या पोशाखाबरोबर हिऱ्यांचा टियारा म्हणजे लहानसा मुकुट, गळ्यात हिऱ्यांचा हार, खांद्यावरून फीत, असा सरंजाम आला आणि जपानी राजस्त्रियांच्या औपचारिक वेशाचा तो कायमचा भाग झाला. तोवर केसांत फणी आणि काटे खोवणाऱ्या त्या स्त्रियांच्या मस्तकावर युरोपीय मुकुट चढला, कारण युरोपच्या राण्यांच्या पंक्तीस बरोबरीने बसण्याची ती किंमत होती. जपान स्वतंत्र साम्राज्य होते. त्याला हा मार्ग निवडता आला. १९१० मध्ये सयाजीराव, चिमणाबाई आणि कन्या इंदिराराजे जपानमार्गे अमेरिकेच्या प्रवासास गेले तेव्हा या बदलाला दोन तपे उलटून गेली होती.

चिमणाबाईंनी मात्र युरोपात वावरतानाही साडी सोडली नाही. मराठा राजस्त्रीच्या मस्तकाचे भूषण मुकुट नव्हते. अंबाड्यात राखडी, केवडा, मूद असे दागिने असत आणि त्यावरून पदर येई. पदर घेतलेल्या डोक्यावर टियारा बसवायचा कुठे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण परक्या सत्तेच्या मांडलिक राणीने आपला वेश जपणे यालाही एक अर्थ होता. इंग्रज अधिकाऱ्यांना ही महाराणी फारशी रुचत नसे, त्याचे कारण अर्थातच साडी नव्हते. बाईंचा कल राष्ट्रीय विचारांकडे आहे, परदेशात हिंदी क्रांतिकारकांशी त्यांचा संपर्क येतो, असा संशय सरकारदरबारी नोंदला गेला होता.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचे वर्ष १९११. त्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सहलेखक होते एस. एम. मित्र आणि विषय होता हिंदी जीवनातील स्त्रियांचे स्थान. त्यात सतीसावित्रीची स्तोत्रे नाहीत. पाश्चात्य देशांत स्त्रिया कोणकोणते उद्योग करतात, संस्था कशा चालवतात आणि त्यांतील काय आपल्याकडे आणता येईल, याचा व्यवहारी विचार आहे. शेती, हस्तकला, गृहोद्योग, परोपकारी संस्था असे विषय एका महाराणीच्या नावावर छापलेल्या ग्रंथात यावेत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. स्त्रीने स्वतः काही मिळवावे हा त्या पुस्तकाचा गाभा. जवाहिराच्या डोंगरावर बसलेल्या स्त्रीला तो सुचला, यात विसंगती वाटेल. पण पाहता पाहता ध्यानात येते की तो तिलाच सुचणे साहजिक होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीस पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. सारे संस्थानिक आपापल्या रत्नांनी लखलखत होते. पॅरिसच्या कार्तिए पेढीचे जाक कार्तिए त्याच वर्षी हिंदुस्थानात आले, ते या रत्नभांडारांवर डोळा ठेवूनच. जुन्या कुंदनकामातील खडे उपसून प्लॅटिनममध्ये नव्याने जडवून घेण्याची टूम तेव्हा राजेरजवाड्यांत सुरू झाली होती. अशा मेळ्यात सयाजीराव अपेक्षित थाटाविना, साध्या पांढऱ्या वेशात बादशहापुढे गेले, जुजबी लवले आणि पाठ फिरवून परतले, असा गहजब झाला. इंग्रजी वृत्तपत्रांनी राजद्रोहाची भाषा केली. सयाजीरावांना खुलासा व दिलगिरीचे पत्र द्यावे लागले. दागिना अंगावर असणे ही जशी राजनिष्ठेची खूण होती, तशीच तो नसणे हा अपराध ठरू शकत होता! घडलेला प्रकार हेतुपुरस्सर होता की अनवधानाने, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

त्या गदारोळातच घरात दुसरा स्फोट झाला. एकोणीस वर्षांच्या इंदिराराजे यांचे लग्न ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरले होते. मराठा संस्थानांत याहून मोठे स्थळ नव्हते. शिंदे वयाने बरेच मोठे आणि विवाहित होते. संततीसाठी ते दुसरे लग्न करीत होते. बडोद्यास लग्नाची तयारी जोरात सुरू होती. अशा वेळी इंदिराराजे यांनी आईवडिलांना न विचारता शिंद्यांना स्वतः पत्र लिहून लग्नास नकार कळवला. ग्वाल्हेरहून खुलासा मागणारी तार आली तेव्हा कुठे बडोद्यास हा प्रकार समजला. इंदिराराजे यांचे मन कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्यावर जडले होते. ते बंगाली, ब्राह्मसमाजी वातावरणात वाढलेले, केशवचंद्र सेन यांचे दौहित्र, आणि गादीचे वारसही नव्हेत.

ज्या आईने त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थानावर पुस्तक लिहिले, तिने मुलीच्या या निवडीला कडाडून विरोध केला. दोन वर्षे समजावणे, धाक घालणे, दूर ठेवणे, सारे झाले. अखेर १९१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विवाहनोंदणी कार्यालयात इंदिराराजे यांचे लग्न लागले, तेव्हा आईवडील हजर नव्हते. चिमणाबाईंच्या चरित्रातील हा भाग त्यांचे चाहते भरभर ओलांडून जातात. ते बरोबर नव्हे. स्त्रीने मिळवते व्हावे इथवर त्यांचा विचार पोचला होता. स्त्रीने जातकुळी, मानपान आणि संस्थानांची सोयरीक बाजूला सारून स्वतःचा नवरा निवडावा, ही पायरी त्यांच्या पिढीच्या आवाक्यापलीकडची होती. विशेष म्हणजे ती ओलांडणाऱ्या मुलीला शाळा-महाविद्यालयाची वाट याच आईवडिलांनी दाखवली होती. लग्नानंतर काही दिवसांतच जितेंद्र नारायण यांचे थोरले बंधू वारले आणि इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. पुढे त्या वैधव्यातही रत्ने मिरवणाऱ्या, इटालियन कारागिराकडून पादत्राणांवर हिरे-मोती जडवून घेणाऱ्या महाराणी म्हणून युरोपभर गाजल्या. जयपूरच्या गायत्रीदेवी या त्यांच्याच कन्या.

संस्थानी वैभवाच्या या छायेत स्त्रीचे स्थान किती अस्थिर होते, याचे दुसरे उदाहरण त्याच साली रायगडच्या किनाऱ्यावर घडले. मुरुड-जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली या तय्यबजी-फैजी या सुधारक कुळातील. १९०८ मध्ये त्यांनी नवाबांसमवेत युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन उर्दूत लिहून प्रसिद्ध केले. मुरुडचा राजवाडा त्यांच्या काळात विद्वानांचे आतिथ्य करणारे घर होता. शिब्ली नोमानींसारखे पंडित तेथे येऊन राहिले. पण मूलबाळ झाले नाही आणि १९१३ मध्ये घटस्फोट झाला. सुमारे पाव शतकाचे बेगमपद एका निर्णयासरशी गेले. गादीचा दागिना आणि गादीचे पद, दोन्ही उसनेच.

चिमणाबाईंनी यानंतरच्या काळात केलेल्या गोष्टी त्यांच्या अंगावरच्या मोत्यांहून अधिक मोलाच्या आहेत. १९१४ मध्ये बडोद्यात त्यांच्या नावाने स्त्री उद्योगालय सुरू झाले. शिवण, भरतकाम यांसारखे हातचे उद्योग शिकून सामान्य घरातील बायकांना चार पैसे मिळावेत, ही त्यामागील योजना. पुस्तकातला विचार असा विटामातीत उतरला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी बडोद्यातही पडदा टाकला आणि भर सभेत त्या महाराजांच्या शेजारी उघड्या चेहऱ्याने बसल्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा सयाजीरावांचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सुरू होऊन १९०६ मध्ये सर्व संस्थानास लागू झाला होता आणि त्यात मुलींनाही वगळलेले नव्हते. तेव्हा महाराणीने पडद्यात राहणे हे त्या धोरणालाच विसंगत होते. तरीही ते पाऊल टाकायला लग्नानंतर जवळजवळ तीन दशके लागली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९२७ च्या जानेवारीत पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रिया आल्या होत्या. विषय होता स्त्रीशिक्षण. अध्यक्षस्थानी होत्या महाराणी चिमणाबाई. पंचावन्नच्या घरातील या बाईंच्या अंगावर त्या दिवशी कोणते दागिने होते, याची चर्चा कोणी केली नाही. परिषदेची वाट पुढे बालविवाहाविरुद्धच्या आणि वारसाहक्काच्या मागण्यांपर्यंत गेली. गादीच्या जवाहिरातून स्वतःला वेगळे काढून ही स्त्री सार्वजनिक जीवनात उभी राहिली तो क्षण हाच, असे म्हणता येईल.

घरातली दुःखे मात्र थांबली नाहीत. सावत्र मुलगा युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्येच गेला होता. पोटचे शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंगराव १९२३ मध्ये वारले. १९३९ च्या फेब्रुवारीत मुंबईत सयाजीराव निवर्तले आणि त्यानंतर धैर्यशीलरावही गेले. तिन्ही मुलगे आईच्या डोळ्यांदेखत गेले. गादीवर फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव आले.

त्यानंतर जामदारखान्याचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. प्रतापसिंहरावांनी १९४३ मध्ये, पहिल्या पत्नी शांतादेवी असताना, पिठापूरच्या राजकन्या सीतादेवी यांच्याशी विवाह केला. आजोबांच्या संस्थानाने द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला असता नातवाने हे करावे यावरून मोठे वादळ उठले. सीतादेवींनी मोनॅकोत बिऱ्हाड थाटले आणि मोत्यांचा गालिचा, सात पदरी कंठ्याचे मोती, मोठमोठे हिरे बडोद्याबाहेर गेले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, जवाहिराचा हिशेब मागितला गेला, काही परत आले, काही आले नाही. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. सीतादेवींनी विकलेल्या पाचू-हिऱ्यांच्या पैंजणांतून न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी हार घडवला आणि तो डचेस ऑफ विंडसर यांच्या गळ्यात गेला. १९५७ मध्ये एका मेजवानीत दोघी समोरासमोर आल्या. ते खडे आपल्या पायांतही असेच शोभत असत, असे सीतादेवी सहज बोलून गेल्या आणि डचेसने तो हार परत केला, अशी कथा आहे.

या साऱ्या वर्षांत चिमणाबाई हयात होत्या. ज्या अलंकारांना त्यांनी साठ वर्षे गादीची अमानत म्हणून अंगावर वागवले, ते विदेशी पेढ्यांच्या काचेच्या कपाटांत जाऊ लागले तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या, राजमाता या पदाखेरीज कोणताही अधिकार हाती नसलेल्या विधवा होत्या. २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये सात पदरी कंठ्यातील मोत्यांची दोन पदरी माळ न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरांवर गेली, आणि दोन वर्षांनी दोह्यात तो गालिचा विकला गेला.